धोंडशीर आणि धप्पा

आमच्या मालकांनी त्या दसऱ्याला फकिराभावजींच्या थोबाडीत मारली, ती एका शिरेपायी. भरल्या फुलबाजारात मारली, दसऱ्याच्या आदल्या सकाळी मारली, म्हणजे झेंडू घ्यायला आलेलं निम्मं नाशिक बघायला हजर.

मालकांचं नाव बहिरू. मी ते तोंडानं घेत नाही, लागलंच तर उखाण्यात घेते. इथं एकदा घेतलं ते तुम्हाला कळावं म्हणून. फकिराभावजी त्यांचे चुलतभाऊ. दोघांचे मळे बांधाला बांध लावून, घरं एका आळीत समोरासमोर, टेम्पो दोघांत एक. भांडण करायचं म्हटलं तरी भांडून कुठं जाणार अशी परिस्थिती.

दोन हजार तीन सालची गोष्ट. टेम्पोतून झेंडूच्या जाळ्या उतरवायचं काम चाललं होतं. मालकांनी पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, पण टेम्पोच्या फळीवर एका पायावर जोर देऊन उसळी मारून चढायची खोड विशीतली. मी म्हणायची, अहो, बाजूनं चढा, पायरी आहे तिथं. ऐकतील तर शपथ. त्या दिवशी तशीच उसळी मारली आणि टप्प असा आवाज झाला. मी पलीकडे हार ओवत बसले होते, मला तिथवर ऐकू आला. वाळलेली शेंग फुटावी तसा.

मालक फळीवर चढलेच नाहीत. गर्रकन मागं वळले. मागं फकिराभावजी उभे, दोन्ही हातांत जाळी, गालात तंबाखू.

"लाथ मारतो का रे मला?" मालक म्हणाले आणि दिली एक ठेवून.

जाळी पडली, झेंडू रस्ताभर झाला. भावजींच्या तोंडातली तंबाखू कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. "दादा," ते म्हणाले, "माझ्या दोन्ही हातात जाळी हाय. मी कशाला लाथ मारू?"

"हातात जाळी हाय. पाय तर मोकळेच हायेत ना."

एवढं बोलून मालकांनी पुढं पाऊल टाकलं आणि सांडलेल्या झेंडूतच बसकण मारली. पाय जागचा उठेना. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण थोबाडीवर भागणारं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना पालथं झोपवलं आणि पोटरी दाबली. धड्या पायाचं पाऊल हललं, दुसऱ्याचं ढिम्म. डॉक्टर म्हणाले, टाचेमागची जाड शीर तुटली आहे. आपल्याकडे तिला धोंडशीर म्हणतात. पोटरीचं मांस टाचेच्या हाडाला बांधून ठेवणारी दोरी ती. ऑपरेशन झालं, शीर शिवली, पायाला प्लास्टर आलं आणि मालक आमच्या ओट्यावर येऊन बसले ते आळीतल्या प्रत्येकाला लाथेची गोष्ट सांगत. प्रत्येक वेळी लाथ जरा जोराची व्हायची. दिवाळीपर्यंत ती लाथ अशी झाली होती की बैलानं मारली असती तर बैल लाजला असता.

समोरच्या ओट्यावर फकिराभावजी हे सगळं ऐकत बसायचे. एका संध्याकाळी उठून आमच्या दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, "वहिनी, दादाला सांगा. मला बसली ती अख्ख्या बाजारानं बघितली. आता रंगपंचमीला रहाडीचा मान माझ्या घरी येताना बी अख्खी आळी बघंल."

मालक आत कॉटवर होते. त्यांना ऐकू गेलं होतंच. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

नाशिकबाहेरच्यांना रहाड सांगावी लागते. चौकात जमिनीखाली दगडी हौद असतो, चांगला पुरुषभर खोल. वर्षभर त्याच्यावर लाकडी ओंडके आणि ओंडक्यांवर माती. वरून रिक्षा जातात, पोरं क्रिकेट खेळतात, खाली काय आहे याचा पत्ता नसतो. रंगपंचमी आली की उघडायची, साफ करायची, काठोकाठ पाणी भरायचं. आमच्या रहाडीचा रंग केशरी. पळसाची फुलं उकळून तो रंग आम्ही बायका करतो. पूजा झाली की मानकऱ्यानं पहिली उडी घ्यायची. तिला उडी म्हणत नाहीत, धप्पा म्हणतात. पाणी चौकाच्या चारी बाजूंना उडालं आणि आवाज मारुतीच्या देवळापर्यंत गेला की धप्पा झाला. तोवर दुसऱ्या कुणी पाण्याला बोट लावायचं नाही. बायकांनी तर काठावरच राहायचं. धप्प्याआधी घरच्या बाईनं मानकऱ्याला कुंकू लावायचं, एवढाच आमचा त्यात वाटा.

आमच्या आळीचा मान माझ्या सासऱ्यांकडे होता, त्यांच्यामागं मालकांकडे आला. पण नियम असा की ज्या वर्षी मानकऱ्याकडून धप्पा होणार नाही, त्या वर्षी मान भाऊबंदांच्या घरी जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. हा नियम कुणी केला ते कुणाला माहीत नाही. त्यामुळे तो मोडायला सांगायचं कुणाला, तेही माहीत नाही.

दसरा ते रंगपंचमी म्हणजे पाच महिन्यांवर थोडे दिवस. तेवढ्यात धोंडशीर जुळून आली पाहिजे, एवढा एकच विषय घरात.

आणि घरात शिरांची तज्ज्ञ होती. माझ्या सिन्नरच्या बहिणीची मुलगी, तेजस्विनी. इंजिनिअर झालेली पोर. आम्हाला वाटलं, चांगली ओझरला विमानाच्या कारखान्यात लागेल. हिनं कोंबडीचे पाय धरले. एका कॉलेजात संशोधन करायची आणि आमच्याकडे माडीवर राहायची. तुटलेली शीर शिवून भागत नसेल तर बाहेर नवी शीर वाढवता येईल का, हा तिचा अभ्यास. अंड्यातल्या पिल्लाच्या शिरेतले जीवकण काढायचे, ते येवल्याहून आणलेल्या पैठणीच्या रेशमाच्या धाग्यावर पसरायचे, धागा काचेच्या डबीत दोन आकड्यांना बांधायचा आणि एका यंत्रानं तो दिवसभर हळूहळू ओढायचा आणि सोडायचा. का ओढायचा, विचारलं तर म्हणे, शीर ओढल्याशिवाय वाढत नाही. अंड्यातलं पिल्लूसुद्धा आत लाथा झाडतं, म्हणून त्याच्या शिरा घट्ट होतात. त्याला औषध देऊन गप्प ठेवलं तर शिरा भुसभुशीत निघतात.

"म्हणजे लाथा पाहिजेतच," मालक लगेच म्हणाले.

"स्वतःच्या, काका. दुसऱ्याच्या नाही."

कॉलेजात लोडशेडिंग असलं की तिच्या कोंबडीच्या शिरा माझ्या फ्रीजमध्ये यायच्या. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी. आम्ही खाणारे लोक आहोत, प्रश्न तो नव्हता. पण गुरुवारी आम्ही घरात अंडंसुद्धा ठेवत नाही, आणि फ्रीजच्या बरोबर वर माझ्या सासूबाईंचा तुळशीमाळ घातलेला फोटो. एका गुरुवारी मी कोथिंबीर म्हणून ती पिशवी उघडली. पुढचं सांगत नाही. तिला मी एवढंच म्हटलं, बाई गं, तुझं संशोधन मोठं आहे हे मला मान्य आहे, पण ते वरच्या कप्प्यात ठेव.

तर या पोरीनं पहिल्याच आठवड्यात मालकांना सांगितलं होतं, "काका, तुम्हाला कुणी लाथ मारलेली नाही. धोंडशीर तुटली की प्रत्येकाला असंच वाटतं, मागून कुणीतरी लाथ घातली म्हणून. प्रत्येक जण मागं वळून बघतो. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिहिणारा माझ्या मागं उभा होता का?"

"नाही."

"फकिरा होता."

मला आपलं तेव्हा वाटायचं की लाथेचं जाऊ दे, पाय बरा होऊ दे.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय ओळखू येईना. पोटरी सगळी गेलेली, कातडी लोंबत होती. मी त्यांना खाली पाय टेकू देईना. पाणी हातात, ताट कॉटवर, तेलानं मालिश दोन वेळा. तेजस्विनी चार दिवस बघत होती, पाचव्या दिवशी तिचं डोकं फिरलं. "मावशी, तू त्यांना गप्प ठेवलेलं पिल्लू करून टाकशील," ती म्हणाली आणि त्यांना भिंतीला धरून उभं केलं. रोज थोडी टाच उचलायची आणि सावकाश खाली आणायची. लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. मालक मोजताना दोन आकडे खायचे. मीही त्यांची बायको आहे, मी ते परत घ्यायला लावायची.

संक्रांतीला ते काठी घेऊन मळ्यात गेले. शिवरात्रीला काठी विसरून आले. आणि एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "तेजू, तुझ्या त्या यंत्रापाशी ने मला. शीर किती ओढली म्हंजी तुटते, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. मग उडीचं मी ठरवतो."

रिक्षा करून तिघं कॉलेजात गेलो. खोली साधीच. एका कोपऱ्यात ती काचेची डबी. तिच्यात रेशमाच्या धाग्यावर पांढुरकं काहीतरी धरलेलं, आणि यंत्र आपलं त्याला हळूच ओढतंय, हळूच सोडतंय. मला ते बघून उगीचच माया वाटली. मधोमध दुसरं मोठं यंत्र, त्याला वर एक जबडा, खाली एक. तेजस्विनीनं बोकडाच्या मागच्या पायाची शीर दोन्ही जबड्यांत पकडली आणि बटण दाबलं.

"आधी बघा, सैल आहे. आता ताठ होतेय. आता हिला जोर लागायला लागला," ती सांगत होती. शेजारच्या कॉम्प्युटरवर एक रेघ वर चढत होती. मालक हाताची घडी घालून पुढं वाकून बघत होते. रेघ चढली, चढली. शीर तारेसारखी ताठ झाली. दोन तंतू सुटल्यासारखे दिसले.

टप्प.

मालक गर्रकन मागं वळले. हात उगारलेला.

मागं भिंत होती. भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि खाली हात धुवायचं भांडं.

उगारलेला हात खाली यायला बराच वेळ लागला. मला हसू येत होतं आणि त्यांचं तोंड बघून ते आतल्या आत गिळावं लागत होतं. तेजस्विनी शहाणी, ती कॉम्प्युटरकडेच बघत राहिली. मालक त्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "हाच. हाच आवाज."

मग तिनं त्यांना सूक्ष्मदर्शकातून शीर दाखवली. धडधाकट शीर आतून म्हणजे नीट विंचरलेले केस. तुटून जुळलेली शीर म्हणजे झोपेतून उठलेले केस. ते विंचरून सरळ व्हायला वर्ष जातं, आणि ते काम रोजचं थोडं थोडं ओढणंच करतं. "काका, तुमची शीर चालायला चांगली आहे, चढायला चांगली आहे. पण एका पायावर उसळी घेतलीत की अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर तिच्यावर येतो. अजून विंचरून झालेलं नाही. पुन्हा तुटली तर मग अवघड आहे."

"पाण्यातच तर पडायचंय."

"पडण्याची भीती नाहीच. भीती उडण्याची आहे." ती भिंतीकडं पाठ करून उभी राहिली. "असं करा ना. काठाकडं पाठ करून उभे राहा आणि नुसतं मागं पडा. उसळी नाही, काही नाही. पाणी काठोकाठ असतं. आवाज उलट मोठाच होईल."

"मी मानकरी हाय का बटाट्याचं पोतं?" मालक म्हणाले. विषय संपला.

आळीत उतरलो तर फकिराभावजी समोर टेम्पो धूत होते. त्यांनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघांनी एकदमच मान फिरवली. आत आल्यावर मी म्हटलं, "जा आता. बोला त्यांच्याशी."

"काय बोलू? थोबाडीत भर बाजारात मारलीय. माफी गुपचूप मागून चालंल का?"

"मग भर चौकात मागा."

"मागीन. पण आधी धप्पा मारीन, मग मागीन. आधी माफी मागितली तर लोक म्हणतील, उडी जमत नाय म्हणून लाचार झाला."

बघा, पुरुषाचं डोकं. माफी मागायची ठरलं होतं, पण त्यासाठी आधी पाय तोडून घ्यायचा होता. मी समजावलं, रुसले, एक दिवस स्वयंपाक केला नाही. तेजस्विनीनं कागदावर बाण काढून दाखवले, जोर कुठून कुठं जातो ते. त्यांनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर हाय तुझं. मी उडी मारणार."

मला भीती वाटत होती. रात्रंदिवस वाटत होती. मान गेला तर जाऊ दे, मानानं काही भाकरी भाजत नाही. पण हा माणूस पुन्हा ओट्यावर बसला, कायमचा बसला, तर पहाटे फुलबाजारात मी एकटीनं जायचं? जाता आलं असतं हो, न जमण्यासारखं काय आहे त्यात. मला जायचं नव्हतं. तीस वर्षं त्या टेम्पोत पुढं बसलेय मी, एका बाजूला हे आणि एका बाजूला दार.

रंगपंचमी आली. सकाळपासून चुलाण्यांवर पळस उकळत होता, माझे हात कोपरापर्यंत केशरी. ढोल आले, हलगी आली, चौकात पाय ठेवायला जागा नाही. गच्च्यांवर बायका-पोरं. रहाडीच्या पलीकडच्या काठावर फकिराभावजी, नवं कोरं बनियन घालून, आंघोळ करून तयार. त्यांच्या शेजारी माझी जाऊ सखुबाई, आणि तिच्या हातात कुंकवाचं ताट. म्हणजे यांचा धप्पा चुकला की लगेच त्यांचा नंबर, मधे कुंकवाला उशीर नको. सखुबाईनं माझ्याकडे बघून ताट जरा पदराखाली घेतलं. लाज वाटली असावी तिला. तिचीही काय चूक म्हणा.

पूजा झाली. मालक हाफ पँटवर, उघडे, काठावर आले. वाकून पाण्याला हात लावला, कपाळाला लावला. मग चार पावलं मागं जाऊन धावत येण्यासाठी जागा करा म्हणून त्यांनी लोकांना हातानं खूण केली. माझ्या शेजारी तेजस्विनीनं माझा पदर असा धरला होता की फाटायचा बाकी. "मावशी, धावत येणार आहेत ते," ती कुजबुजली. "त्याच पायावर उसळी घेतील. सवय आहे."

मी पुढं झाले. "अहो. कुंकू राहिलं."

ते काठावरच होते. तिथल्या तिथं वळले माझ्याकडे. टाचा दगडाच्या कडेला, पाठ पाण्याकडे. "लाव लवकर," म्हणाले.

मी ताट डाव्या हातात घेतलं आणि उजवा अंगठा कुंकवात बुडवला. त्यांच्या कपाळाकडे बघितलं. चांगलं रुंद कपाळ आहे त्यांचं. मला काय काय आठवलं ते सांगते. फ्रीजमधली ती पिशवी आठवली, ते खाल्लेले आकडे आठवले, एक दिवस न केलेला स्वयंपाक आठवला, लोंबणारी पोटरी आठवली. आणि लग्नात अंतरपाट खाली आल्यावर हेच डोळे असेच माझ्याकडे बघत होते, तेही आठवलं. मी काही ठरवलं नव्हतं असं मी आजही सांगते. कुंकू लावताना जोर लागतोच. तो किती लागला ते विचारू नका.

ते मागं गेले. हात दोन बाजूंना पसरलेले, तोंड उघडं, डोळे माझ्यावर.

आणि असा धप्पा झाला की विचारू नका. अख्खी पाठ पाण्यावर आपटली. पाणी चारी बाजूंना उडालं, माझं ताट धुऊन गेलं, सखुबाईचं ताट धुऊन गेलं, पलीकडे हलगीवाला भिजून हलगी बसली. मारुतीच्या देवळातली घंटा आपोआप वाजली असं लोक अजून सांगतात. कुणीतरी वाजवली असेल.

पाण्यावर नुसते केशरी बुडबुडे. तेजस्विनी काठावर गुडघे टेकून बसली आणि मग तिच्या पुढ्यातच मालकांचं डोकं वर आलं, नखशिखान्त केशरी. तिनं पहिला प्रश्न काय विचारावा?

"काका, टाच उचलून बघा."

मालकांनी काठ धरला, पाण्यात पाय हलवला आणि म्हणाले, "हाय. जागेवर हाय."

मग चौकात गलका सुरू झाला. फकिराभावजींकडची मंडळी म्हणाली, ही उडी नाही. आमच्याकडची म्हणाली, नियम उडीचा नाहीच, धप्प्याचा आहे. शेवटी आळीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. म्हातारे पुढच्या रांगेत बसले होते, धोतरापासून टोपीपर्यंत भिजलेले. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यातला सगळ्यात भिजलेला म्हणाला, "पाणी आलं का आपल्यापर्यंत? मग झाला धप्पा. आणि पूर्वी असाच मारायचे."

मालकांना एवढ्यात भान आलं. "पण मला ढकललं कुणी?" ते गरजले आणि जुन्या सवयीनं सरळ फकिराभावजींकडे बघितलं.

भावजींनी दोन्ही हात वर केले. "दादा, मी इकडं समोर उभा हाय. ह्या बारीला तरी माझं नाव घेऊ नको."

सगळा चौक हसला. मालक हसले नाहीत. काठ धरून तसेच भावजींकडे बघत राहिले. केसांतून रंग गळत होता, माझं कुंकू तर केव्हाच वाहून गेलं होतं.

"तवाबी तू नव्हतास," ते म्हणाले.

हसणं थांबलं.

"दसऱ्याला. बाजारात. तू लाथ मारली नव्हतीस फकिरा. माझी शीर तुटली आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. तुझ्या हातात जाळी होती. चूक माझी हाय. ज्यांनी ज्यांनी ते बघितलं त्यांनी हे बी ऐका."

एवढं मोठं बोलणं मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं, आमच्या लग्नातसुद्धा नाही. फकिराभावजी उभेच होते. मग नवं कोरं बनियन न काढता त्यांनी धाडकन पाण्यात उडी घेतली, दोन हात मारून मालकांपाशी आले आणि फाडदिशी त्यांच्या थोबाडीत ठेवून दिली.

गालावर केशरी पंजा उमटला. पाचही बोटं मोजून घ्यावीत असा.

"फिटली," भावजी म्हणाले. आणि दोघं म्हातारे होत चाललेले बाप्ये त्या पाण्यात एकमेकांच्या गळ्यात पडून असे हसायला लागले की मला रडू आलं. तेजस्विनीला वाटलं रंग डोळ्यात गेला. मी तसंच वाटू दिलं.

आता पुढचं. तेजस्विनीच्या डबीतली शीर बोटाच्या पेराएवढी झाली, तिच्या सरांनी पेढे वाटले आणि माझा फ्रीज मोकळा झाला. पुढच्या रंगपंचमीला तिनं मालकांची टाच स्वतः तपासली आणि परवानगी दिली, काका, आता विंचरून झालं, खुशाल धावत येऊन उडी मारा. मालक नव्या नवरीसारखे खुशीत. चौकात गेले, धावायला जागा मागितली, तर आळीतली पोरं म्हणाली, "बहिरूकाका, असं काय करताय? आपल्यात पुढून उडी मारत नाहीत. आपल्यात मागं पडतात. पेशव्यांच्या वेळेपासून." म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्या म्हाताऱ्यांना मी काय बोलणार होते? मालक कुरकुरत पाण्याकडे पाठ करून उभे राहिले आणि मला म्हणाले, "हळू."

त्याच्या पुढच्या वर्षापासून दोघा भावांनी मान वाटून घेतला, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. गेलेला मान परत येत नाही हा नियम होता, पण तो कुणी केला ते माहीत नसल्यामुळे मोडल्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. भावजींचं पहिलं वर्ष आलं तेव्हा आदल्या दिवशी दुपारी सखुबाई माझ्याकडे आली. पळसाच्या पाकळ्या निवडायला म्हणून बसली. बराच वेळ निवडल्या. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "अक्का, एक विचारू? अंगठा नेमका किती जोरात दाबायचा?"

मी तिच्याकडं बघितलं. लग्नाला तिच्याही तीस वर्षं होऊन गेली होती.

"मनात जेवढं साठलंय तेवढा," मी म्हटलं.

सखुबाईनं हातातल्या पाकळ्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "मग रहाडीला पाणी जरा जास्त भरायला सांगते."